अम्मीचा फोन लागला पाहिजे

आगरदांड्यात ‘बाहेर’ ह्या शब्दाला वेगळाच अर्थ आहे. “मुलगा कुठे असतो?” असं कोणी विचारलं आणि “बाहेर असतो” असं उत्तर मिळालं, की पुढचा प्रश्न ठरलेला: “कुवेत, सौदी की दुबई?” राजपुरी खाडीच्या उत्तर काठावरचं हे आमचं गाव मुरूड तालुक्यात येतं. समोर दिघी दिसते, मध्ये फेरीबोट चालते. आजोबांच्या पिढीतली माणसं जहाजावर गेली, अब्बांच्या पिढीतली आखातात गेली आणि आता मुलंही तिकडेच जातात. कमावणारा बाहेर आणि घर इथे, अशी आमच्या मोहल्ल्यातल्या पुष्कळ घरांची मांडणी आहे. अशा घरात फोन ही चैन राहत नाही. लाइट बिल, अम्मीची औषधं आणि रिचार्ज हे तीन खर्च आम्ही वहीत एकाखाली एक लिहितो.

ह्या फोनबद्दल प्रत्येक घरात दोन प्रश्न येतात. बाहेरून आलेला हँडसेट इथल्या कार्डावर चालेल का? आणि त्या कार्डात महिन्याला किती पैसे घालायचे? पहिल्याचं उत्तर फोन पाठवणारा देतो, दुसऱ्याचं घरातला तरुण मुलगा. जिला फोनची सगळ्यांत जास्त गरज असते त्या म्हाताऱ्या आईला दोन्ही वेळा कोणी विचारत नाही. हा लेख तिच्या बाजूने लिहिला आहे.

अब्बा कुवेतला होते तेव्हा आमच्या घरात फोन नव्हता. पत्र यायला पंधरवडा लागे. गावचा कोणी सुट्टीवर आला की त्याच्या हाती कॅसेट यायची आणि टेपरेकॉर्डरभोवती सारं घर बसायचं. पुढे शेजाऱ्यांकडे फोन आला आणि आमच्या पत्त्याखाली त्यांचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून लिहिला जाऊ लागला. जुम्म्याच्या दिवशी दुपारी शेजारच्या चाचींचा मुलगा धावत यायचा, “कुवेतचा फोन हाय, पाच मिनिटांनी परत करतात.” अम्मी ओढणी सावरत तशीच निघायची. इथून तिकडे बोलायचं तर आयएसडी बूथ गाठावा लागे आणि काचेआड लाल आकड्यांत रुपये पळताना दिसत. परदेशी फोनची वाट तेव्हा विदेश संचार निगम ह्या एकाच कंपनीतून जात होती. तिची मक्तेदारी मार्च २००२ अखेर संपली. तीन मिनिटं बोलायला मिळत आणि त्यातलं एक मिनिट रडण्यात जाई.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो केला होता. आमच्या किनाऱ्यापर्यंत मोबाइल यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. सुरुवातीला तर आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि मिस कॉलची भाषा घराघरांत पोहोचली. एक रिंग म्हणजे सुखरूप, दोन रिंग म्हणजे फोन करा.

त्याच काळात आखातातून हँडसेट यायला लागले. बॅगेत अत्तर, खजूर, टँगचा डबा आणि कपड्यांत गुंडाळलेला नोकिया. त्यात इथलं कार्ड घातलं की फोन लगेच चालू होई. ह्याला कारण होतं. आखातातले देश आणि भारत, दोन्हीकडे जीएसएम ही एकच पद्धत होती आणि ९०० व १८०० मेगाहर्ट्झ ह्या एकाच लहरी वापरात होत्या. अमेरिकेत ८५० आणि १९०० च्या लहरी चालत, म्हणून तिकडचे काही फोन इथे मुके पडत. पण आमच्याकडे अमेरिकेहून येणार कोण? त्यामुळे फोन म्हणजे फोन, कार्ड घातलं की चालणारच, अशी समजूत आमच्या गावात पक्की बसली.

देशातल्या देशात मात्र बांधलेले फोन होते. २००३ च्या सुमारास रिलायन्सचे सीडीएमए फोन स्वस्तात मिळू लागले. त्या सुरुवातीच्या फोनांत कार्ड काढायची सोयच नव्हती; फोन आणि कंपनी एकच. पुढे ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. त्या जाळ्यात टूजी, थ्रीजी नव्हतंच, फक्त फोरजी. तिथे बोलणंसुद्धा इंटरनेटच्या वाटेने जातं आणि त्याला व्होएलटीई म्हणतात. ज्या फोनमध्ये व्होएलटीई नव्हतं त्यावर नेट चालायचं, पण साधा कॉल करायला वेगळं ॲप लागायचं. २०१७ मध्ये जिओफोन आला. १,५०० रुपये अनामत, बटणांचा फोन, पण कार्ड त्याच कंपनीचं चालणार. २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आलेला जिओभारतही तसाच. स्वस्त फोन मिळतो त्याची ही किंमत आहे आणि घेणाऱ्याला ती आधी ठाऊक असेल तर सौदा वाईट म्हणता येत नाही.

लॉक म्हणजे इतकंच. फोनच्या आत सूचना घातलेली असते की अमुक कंपनीचं कार्ड सोडून दुसरं स्वीकारू नकोस. परदेशात कंपन्या महागडा फोन हप्त्यावर देतात आणि हप्ते फिटेपर्यंत गिऱ्हाईक पळू नये म्हणून हे कुलूप लावतात. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून असे कुलूपबंद फोन विकायला मनाई केली. मुंबईत मनीष मार्केटात ‘अनलॉक करून मिळेल’ अशा पाट्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. त्यामुळे आमचे लोक फोन घेताना एकच प्रश्न विचारायला शिकले: “अनलॉक आहे ना?” दुकानदार “हो” म्हणाला की पैसे मोजायचे.

पण कुलूप उघडं असलं म्हणजे घरात उजेड असतोच असं नाही. आमच्या घरी हे अम्मीच्या फोनवर दिसलं.

भाईजान कुवेतला असतात. अम्मीचा जुना बटणांचा फोन कुरकुरायला लागला तेव्हा त्यांनी तिथल्या बाजारातून एक चांगला, मोठ्या पडद्याचा फोन घेतला. थोडा वापरलेला, पण नव्यासारखा. पावतीवर ‘फॅक्टरी अनलॉक’ असा शब्द होता. गावच्या एका माणसाबरोबर तो आला. अम्मीने तो ओढणीच्या टोकाने पुसला, शेजारच्या चाचींना दाखवला आणि कार्ड त्यात घातलं. पडद्यावर काड्या दिसल्या, नेट आलं, नातवाने यूट्यूब लावून दाखवलं. सगळे खूश.

दुसऱ्या दिवसापासून भाईजानच्या बायकोला, म्हणजे भाभींना, पनवेलहून फोन लागेना. “आपण ज्यांना कॉल करत आहात...” एवढंच ऐकू येई. अम्मीला वाटलं, पोरं कामात असतील. मुलांना वाटलं, अम्मी नमाज पढत असेल. असे दहा-बारा दिवस गेले. मग एका रात्री अम्मीची शुगर उतरली. हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला. तिने आम्हा सगळ्यांचे नंबर एकेक करून लावले. प्रत्येक वेळी पडद्यावर कॉल सुरू झाल्यासारखा दिसे आणि तुटे. शेवटी तिने भिंतीवर थापा मारून चाचींना उठवलं. चाचींनी साखरेचं पाणी पाजलं, त्यांचा मुलगा रिक्षा आणायला पळाला. अल्लाहचा करम, वेळेवर निभावलं.

मुरूडच्या एका तरुण मोबाइलवाल्याने पाच मिनिटांत कारण सांगितलं. फोन मुळात अमेरिकेतल्या बाजारासाठी बनलेला होता. फिरत फिरत कुवेतला पोहोचला. कुलूप खरंच उघडं होतं. पण इथल्या कंपनीच्या जाळ्यावर व्होएलटीईने बोलण्याची सोय त्या मॉडेलात चालू होत नव्हती. अशा वेळी फोन कॉलपुरता टूजीकडे उतरतो. आमच्या घराच्या आतल्या खोलीत त्या कंपनीचं फोरजी पोहोचतं, टूजी पोहोचत नाही. म्हणून नेट चाले आणि कॉल तुटे. अम्मीला व्हॉट्सॲप उघडता येत नाही. तिच्यासाठी फोन म्हणजे हिरवं बटण. तिच्या कामाची तेवढी एक गोष्ट त्या महागड्या फोनमध्ये नव्हती.

म्हणून आता आमच्या घरात फोन घेण्याआधी तीन गोष्टी पाहतो आणि नातेवाइकांनाही सांगतो.

पहिली गोष्ट, मॉडेल नंबर. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ ह्या भागात तो लिहिलेला असतो. एकाच नावाचा फोन अमेरिकेसाठी, आखातासाठी आणि भारतासाठी वेगवेगळ्या मॉडेल नंबरने निघतो. नाव सारखं म्हणून आतलं सगळं सारखं असं धरून चालू नये.

दुसरी गोष्ट, बँड. रेडिओवर जशी वेगवेगळी स्टेशनं वेगवेगळ्या आकड्यांवर लागतात, तसं प्रत्येक कंपनीचं जाळं ठरावीक लहरींवर चालतं. भारतात फोरजीसाठी मुख्यतः १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ हे बँड वापरात आहेत. सगळे सगळ्यांकडे नाहीत. जिओचा भर ३, ५ आणि ४० वर आहे. बीएसएनएलच्या नव्या फोरजीत २८ महत्त्वाचा आहे. ५ आणि २८ ह्यांच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. आमच्यासारख्या डोंगर-खाडीच्या, जाड भिंतींच्या घरांच्या गावात त्याचा फरक पडतो. मॉडेल नंबर इंटरनेटवर टाकला की बँडची यादी मिळते. फाइव्हजीतही असाच भेद आहे. जिओचं फाइव्हजी स्वतंत्र पद्धतीने चालतं, तर एअरटेलने फोरजीच्या आधाराने सुरुवात केली. म्हणून एकाच फोनवर एका कंपनीचं फाइव्हजी दिसतं आणि दुसरीचं दिसत नाही.

तिसरी गोष्ट, व्होएलटीई. कार्ड घालून, नेट चालू असताना, साधा कॉल करून पाहायचा. तोही दुकानात उभं राहून पुरेसा नाही. ज्या खोलीत अम्मी झोपते त्या खोलीतून करून पाहायचा.

आयफोन पाठवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. अमेरिकेत २०२२ पासून विकले जाणारे नवे आयफोन कार्डाच्या खाचेशिवाय येतात. २०२५ मध्ये आलेला आयफोन १७ सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहारीनमध्येही तसाच विकला जातो. त्यात प्लास्टिकचं कार्ड बसतच नाही, ई-सिम लागतं. फोन घेण्याआधी आपल्या इथल्या कंपनीकडून ई-सिम मिळतं का आणि ते चालू करून देणारं माणूस जवळ आहे का, हे विचारून घ्यावं. वापरलेला फोन घ्यायचा तर त्याचा पंधरा अंकी आयएमईआय नंबर तपासावा. डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि तो नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवला की फोन कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल आणि तो बंदी घातलेला आहे का, ते कळतं.

आता पैशांचं. आमच्या घरात एकेकाळी सात कार्डं होती. अम्मीचं एक, अब्बांचं एक, दोघा भावांची इथली दोन, भाभींचं एक, नातवाचं एक आणि एक कोणाचं ते कोणालाच आठवत नव्हतं. सातही दर २८ दिवसांनी पैसे मागत. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवायला सांगितलं. असे प्लॅन असतात, पण दुकानदार आपणहून सांगत नाही; विचारावं लागतं.

जुलै २०२४ मध्ये मोठ्या तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. एअरटेल आणि व्हीआयचा १७९ चा प्लॅन १९९ झाला, जिओचा १५५ चा १८९ झाला. एका कार्डाला वीस-तीस रुपये म्हणजे काही वाटत नाही. सात कार्डं आणि तेरा वेळा असा गुणाकार केला की अम्मीच्या दोन-तीन महिन्यांच्या औषधांचे पैसे निघतात.

ह्या प्लॅनमध्ये इंटरनेट असतं. अम्मीला ते लागत नाही, तरी ती त्याचे पैसे भरत होती. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज असलेला प्लॅन देणं बंधनकारक केलं आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये असे प्लॅन आले. एअरटेलचा ४६९ रुपयांत ८४ दिवसांचा आणि १,८४९ रुपयांत ३६५ दिवसांचा. जिओचा ४४८ रुपयांत ८४ दिवसांचा आणि १,७४८ रुपयांत ३३६ दिवसांचा. ३३६ म्हणजे २८ गुणिले बारा, पुरतं वर्ष नाही, हेही पाहून ठेवावं. १९९ चा तेरा वेळा भरला तर २,५८७ रुपये होतात. त्याऐवजी १,८४९ मध्ये वर्ष निघतं. ७३८ रुपये वाचतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मधल्या कुठल्या महिन्यात रिचार्ज विसरून फोन बंद पडत नाही. दर बदलत राहतात, म्हणून घेताना पुन्हा विचारावं. पण “फक्त बोलण्याचा वर्षाचा प्लॅन द्या” हे वाक्य पाठ असावं.

सातातली चार कार्डं आम्ही कमी केली. राहिला तो अब्बांच्या नंबराचा प्रश्न, आणि तो हिशेबाने सुटणारा नव्हता.

अब्बांना अल्लाहने बोलावून घेतल्याला आता काही वर्षं झाली. त्यांचा फोन कपाटात अम्मीच्या चादरींखाली होता. दर २८ दिवसांनी कोणीतरी त्याला रिचार्ज मारत असे आणि कशाला, हे कोणी विचारत नसे. बँकेचं खातं, गॅस, रेशन, सगळीकडे तोच नंबर. कुवेतमध्ये अब्बांबरोबर काम केलेल्या माणसांकडेही तोच नंबर. ईदच्या दिवशी त्यावर दोन-तीन फोन येत. एखाद्याला खबर नसे, “कसे आहेत भाई?” असं तो विचारी आणि फोन घेणाऱ्याच्या घशात शब्द अडके. नातू एकदा म्हणाला, “दादी, हा बंद करू या, फुकट पैसे जातात.” अम्मी काही बोलली नाही. उठून आत गेली.

नंबर बंद पडू देणं सोपं आहे. सलग ९० दिवस त्यावर कॉल, मेसेज, नेट काहीच झालं नाही तर कंपनी तो बंद करू शकते. पूर्वभरणा कार्डात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून ३० दिवसांची मुदत वाढवण्याचा ट्रायचा २०१३ चा नियम आहे. बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे अब्बांच्या नंबरावर उद्या कोणी परका माणूस “हॅलो” म्हणेल, आणि बँकेचे ओटीपीही त्याच्याच हाती जातील. खात्याला जोडलेला नंबर बंद करण्याआधी खात्यातून तो बदलून घेणं म्हणूनच आवश्यक आहे. आणि मरण पावलेल्या माणसाच्या नावाचं कार्ड तसंच वापरत राहणंही बरोबर नाही. ते वारसाच्या नावावर करून घेता येतं.

आम्ही तेच केलं. मृत्यूचा दाखला, अम्मीचं आधार, नात्याचा पुरावा घेऊन कंपनीच्या दुकानात गेलो. अम्मी स्वतः आली. अंगठ्याचा ठसा तिचाच लागतो. नंबर तिच्या नावावर झाला. पण ती कंपनी आमच्या घरात नीट पोहोचत नव्हती. मग नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचं ठरवलं. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. पोर्ट हा शब्द इंग्रजीत लिहून, मोकळी जागा सोडून, आपला नंबर लिहायचा आणि १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. एकाच सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत नंबर बदलतो. आगरदांडा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं. मुंबई हे वेगळं सर्कल आहे, तिथलं कार्ड इथल्या कंपनीत न्यायचं तर पाच दिवस लागतात. नाव बदलण्याचं काम अर्धवट असताना पोर्ट होत नाही, म्हणून आधी नाव, मग कंपनी. कार्ड हरवून नवं घेतलं असेल तर जुलै २०२४ पासून सात दिवस थांबावं लागतं. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात.

ह्या सगळ्यात माणूस हजर लागतो. म्हणून बाहेर असलेल्या भावांनी आपल्या इथल्या नंबराची कामं सुट्टीवर आल्यावर पहिल्या आठवड्यात उरकावीत. लग्नं आणि दावती संपेपर्यंत थांबलं की परतीचं तिकीट समोर येतं. इथला नंबर बँकेसाठीच ठेवला असेल तर आणखी एक चौकशी करावी. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने एनआरई आणि एनआरओ खात्यांना परदेशी नंबरावर यूपीआय वापरू देण्याचं ठरवलं. त्या दहा देशांच्या यादीत सौदी, अमिराती, कतार आणि ओमान होते, कुवेत नव्हतं. शारजाला असलेल्या धाकट्या भावाला त्यामुळे इथलं कार्ड सोडता आलं. भाईजानना ते ठेवावं लागलं.

एक गोष्ट पैशाने मिळत नाही आणि ती ३ जून २०२० ला सगळ्यांनी अनुभवली. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. माड, सुपारी, कौलं, विजेचे खांब सगळं आडवं झालं आणि फोनही गेले. टाळेबंदी होती, विमानं बंद होती आणि आखातात बसलेली आमची माणसं टीव्हीवर मुरूड-श्रीवर्धनची नावं ऐकत नंबर लावत होती. कुठलाच नंबर लागत नव्हता. बोर्लीच्या खालांची खुशाली आम्हाला फेरीबोट सुरू झाल्यावर कळली. तेव्हापासून घरात दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं असतात आणि पॉवर बँक पावसाळ्याआधी भरलेली असते. टॉवरच पडले तर दोन्ही कार्डं गप्प होतात हे खरं. पण एका कंपनीचा टॉवर आधी उठतो, दुसरीचा नंतर, आणि त्या मधल्या दिवसांत एक “आम्ही ठीक आहोत” पोहोचतं. वादळात एका कंपनीच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरू देण्याची व्यवस्था दूरसंचार विभाग अलीकडे करतो. त्यासाठी फोनने दोन्हीकडचे बँड ओळखायला हवेत, म्हणून मॉडेल नंबराची गोष्ट पुन्हा तिथेही येते.

शारजाहून धाकट्याला अम्मीशी बोलायचं तर वेगळी अडचण. अमिरातीत व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, फोटो पाठवता येतो. कॉल मात्र बंद. सौदीने २०१७ च्या सप्टेंबरात इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली, अमिरातीने व्हॉट्सॲपला ती सवलत दिलेली नाही. तिथे परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप लागतं आणि तेच ॲप इथेही लागतं. अम्मीला ॲप जमत नाही, म्हणून तो जुम्म्याला पैसे मोजून साधा आंतरराष्ट्रीय कॉल करतो. महाग पडतो, पण आम्ही त्याला अडवत नाही. फुजूलखर्ची इस्लामला पसंत नाही हे आपण मुलांना सांगतो. आईला केलेला फोन त्या खात्यात आम्ही लिहीत नाही. सिलारहमीचा खर्च वेगळा लिहावा.

अम्मीकडे आता बटणांचा फोरजी फोन आहे, कुलूप नसलेला, दोन कार्डांचा, इथल्याच दुकानातून घेतलेला. एक नंबरवर चाची, दोनवर भाभी, तीनवर डॉक्टर. भाईजानचा मोठा फोन नातवाकडे गेला. घरातल्या वायफायवर तो उत्तम चालतो आणि भाईजानना त्याचं वाईटही वाटलं नाही. अम्मीच्या नव्या फोनमध्ये पहिल्या खाचेत अब्बांचा नंबर आहे.

ह्या वर्षी कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा सुट्टीवर येताना विचारेल, “अम्मीसाठी काय आणू?” त्याला फोन आणू नका असं आम्ही म्हणत नाही. आणण्याआधी अम्मीच्या खोलीत कोणत्या कंपनीच्या काड्या येतात, ती फोनवर काय करते, आणि तो बिघडला तर जवळ कोण पाहील, हे विचारायला सांगा. आणि आल्यावर रिचार्ज आपल्या हाताने, वर्षाचा, तिच्या नावाचा मारून जायला सांगा.

ईदच्या सकाळी कुवेतहून अब्बांच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. त्यांना खबर नव्हती. फोन अम्मीने घेतला. सलाम केला, अब्बांची बातमी स्वतः सांगितली, मग त्यांच्या गुडघ्यांची, मुलांची विचारपूस केली. अर्धा तास बोलत होती. “नंबर हाच आहे,” शेवटी म्हणाली, “फोन करत राहा.”